आजार सांगून येत नाही, विमा मात्र आधीच निवडावा लागतो

माझे मामू रत्नागिरीहून अमेरिकेत आले, त्याला तीस वर्षे झाली. टेक्सासमध्ये नोकरी केली, कर भरले आणि 65 वर्षे पूर्ण होताच मेडिकेअरला पात्र झाले. मी त्याच शहरात सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून योजना निवडायचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले. मी एक्सेल उघडले, मामूंचा मागच्या तीन वर्षांचा दवाखान्याचा खर्च भरला आणि सर्वांत स्वस्त पर्याय निवडला. मामू म्हणाले, "बेटा, मला ना शुगर, ना बीपी. उगाच जादा हप्ता कशाला? बाकी अल्लाह मालिक!" आमचे दोघांचेही गणित चुकले.

मेडिकेअर ही अमेरिकेतील ज्येष्ठांची सरकारी आरोग्य विमा योजना. तिच्या कायद्यावर 30 जुलै 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केली. तिचा पार्ट ए रुग्णालयात दाखल होण्यासाठी, तर पार्ट बी डॉक्टर आणि तपासण्यांसाठी असतो. पार्ट बीचा नेहमीचा हप्ता 2025 साली महिना 185 डॉलर होता. सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरल्यावर पार्ट बी साधारण 80 टक्के खर्च उचलतो. उरलेले 20 टक्के आपले, आणि त्यांना वरची मर्यादा नाही.

या 20 टक्क्यांचे काय करायचे, यासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मेडिगॅप, म्हणजे खासगी पूरक विमा. त्याचा दरमहा वेगळा हप्ता असतो, पण आजारपणात खिशावरचा भार बराच हलका होतो आणि मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर चालतो. दुसरा मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज. यात सगळा कारभार खासगी कंपनीकडे जातो. जादा हप्ता अनेकदा शून्य असतो, दात-चष्म्याची सोय मिळते, वर्षाच्या खर्चालाही मर्यादा असते. मात्र डॉक्टर बहुधा कंपनीच्या यादीतले घ्यावे लागतात आणि अनेक उपचारांसाठी आधी परवानगी लागते.

मी दुसरा मार्ग निवडला. दोन वर्षे सगळे सुरळीत चालले. तिसऱ्या वर्षी एका पहाटे फजरसाठी उठताना मामूंचा उजवा हात हलेना. पक्षाघात होता. डॉक्टरांनी पुनर्वसन केंद्रात दीर्घ उपचार सांगितले, कंपनीने थोड्याच दिवसांची परवानगी दिली. आम्ही अपील करत राहिलो, मामी बिले मोजत राहिली.

मी म्हटले, योजना बदलू. 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळात दरवर्षी बदल करता येतो, हे जाहिरातींत ऐकले होते. ते अर्धेच खरे निघाले. अ‍ॅडव्हान्टेज सोडून मूळ मेडिकेअरमध्ये परतता येते. पण 65 नंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिले सहा महिनेच आजार न विचारता मेडिगॅप देणे कंपन्यांना बंधनकारक असते. 65 व्या वर्षी थेट अ‍ॅडव्हान्टेज घेतलेल्यांना पहिल्या वर्षात परतण्याची संधी असते. त्यानंतर, काही अपवाद सोडले तर, बहुतेक राज्यांत कंपनी तब्येत पाहून नकार देऊ शकते. आम्हाला तो नकार मिळाला.

सर्व्हर बंद पडल्यावर बॅकअप घेता येत नाही, हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवतो. घरात मात्र तेच विसरलो. मागच्या वर्षी किती खर्च झाला, हा प्रश्नच चुकीचा होता. उद्या अचानक कोसळलो तर कोणते दार उघडे असेल, हे विचारायला हवे होते. अल्लाहवर भरोसा ठेवणे म्हणजे कागद न वाचणे नव्हे.

अ‍ॅडव्हान्टेज वाईटच, असे मी म्हणत नाही. ज्यांना मेडिगॅपचा हप्ता परवडत नाही, त्यांच्यासाठी अमर्याद 20 टक्क्यांपेक्षा मर्यादा असलेली योजना बरी. उत्पन्न फार कमी असेल तर आधी मेडिकेडची चौकशी करावी. पण निवड करताना परतीची वाट पुढे बंद होऊ शकते, हे माहीत हवे. जाहिरातीत ते ठळक अक्षरांत नसते.

आणि हा प्रश्न केवळ घरापुरता नाही. न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन या चार राज्यांनी सहा महिन्यांनंतरही आजार न पाहता मेडिगॅप मिळण्याची तरतूद कायद्यात ठेवली आहे. म्हणजे हे दार निसर्गाने बंद केलेले नाही, कायद्याने केले आहे आणि कायद्यानेच उघडता येते. मतदार म्हणून आपण ते मागितले पाहिजे.

तोवर एवढे करा. घरात कुणी 64 वर्षांचे झाले असेल तर आत्ताच बसून बोला. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सरकारी सल्ला सेवा आहे. कमिशनवर काम करणाऱ्या एजंटाआधी तिथे फोन करा. आई-वडील कोकणात येऊन-जाऊन राहत असतील तर मेडिकेअर भारतात सहसा चालत नाही, हेही लक्षात घ्या. काही मेडिगॅप योजना परदेशातील तातडीच्या उपचारांना मर्यादित मदत देतात.

मामू आता काठी घेऊन चालतात. मला दोष देत नाहीत. माझी ती एक्सेल शीट मात्र मी अजून पुसलेली नाही.