समाचार

कुणी गेलं की आपण त्या घरी समाचाराला जातो. पण मुलगा युद्धात बेपत्ता असेल तर? न जावं तर माणुसकी सुटली, आणि समाचाराचं तोंड करून जावं तर आई उंबऱ्यातूनच परत पाठवील. दहावा नाही, तेरावा नाही, तिथी नाही. मग लोक चहाचा कप हातात धरून विचारतात, ‘काही कळलं का?’ कळलं असतं तर ती तुमच्या विचारण्याची वाट बघत बसली असती का?

असंच एक घर लेखक रडयार्ड किपलिंगचं. तो १८६५ साली मुंबईत जन्मला, तेही जे. जे. कलाशाळेच्या आवारात, पण साम्राज्याचे नगारे वाजवणारा म्हणून आपण त्याला फारसा जवळ केला नाही, आणि ते ठीकच. त्याचा एकुलता मुलगा जॉन. डोळ्यांनी इतका अधू की लष्करानं नाकारला. बापानं सेनानी लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घुसवलं. सप्टेंबर १९१५मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत तो हरवला, तेव्हा अठरा पुरे होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. तार आली : जखमी आणि बेपत्ता. मग नवरा-बायको त्या पलटणीच्या जखमी जवानांना गाठून एकेकाला विचारत सुटली.

किपलिंगचा जिवलग मित्र, कादंबरीकार रायडर हॅगार्ड, हाही आपल्या परीनं शोध घेत होता. डिसेंबरात त्याला एक जवान भेटला. जवान म्हणाला, जॉनच होता तो. तोफगोळ्याच्या तुकड्यानं तोंड फुटलेलं, त्यावर पट्टी बांधायची धडपड करत मागे येत होता, वेदनेनं रडत होता. मदतीला जाणार होतो, पण रडणाऱ्या साहेबाला ओशाळवाणं वाटेल म्हणून गेलो नाही. हॅगार्डनं हे डायरीत लिहिलं आणि पुढे नोंदवलं की किपलिंगला हे कळवणार नाही, फार क्लेशकारक आहे.

जवानाची भीड मला साफ चूक वाटते. त्या पोराला पट्टीची गाठ मारायला दोन हात हवे होते. अब्रू मागाहून सांभाळता आली असती. हॅगार्डचं काय? आपला मुलगा शेवटचा दिसला तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत होता, हे ऐकण्याचा बापाला हक्क होता. ‘त्याला सोसवणार नाही’ हे समाचाराला येणाऱ्यांनी परस्पर ठरवू नये. तरीही हॅगार्डला बोल लावायला जीभ रेटत नाही. १८९१मध्ये तो मेक्सिकोत असताना त्याचा नऊ वर्षांचा एकुलता मुलगा मागे इंग्लंडात गोवरानं गेला होता.

किपलिंग आणि हॅगार्ड एकाच खोलीत बसून आपापलं लिहीत. एकमेकांची अडचण वाटत नसे. लूसनंतरही हॅगार्ड किपलिंगकडे जात राहिला. डायरी मात्र घरीच ठेवून.