‘जमणार नाही’ येते कोठून?

पालमसारख्या तालुक्याच्या गावातील पदवीच्या वर्गात घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेली कितीतरी मुले असतात. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्ह्याची तेव्हाच्या औरंगाबादवरील भिस्त संपली. विद्यापीठ जवळ आले. ‘हे आपल्याला जमणार नाही’ ही समजूत मात्र जागची हलली नाही.

ती घालविण्यासाठी प्रेरणादायी व्याख्याने योजिली जातात. हारतुरे होतात, टाळ्याही पडतात. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली केलेले विवेचन या उत्साहात कोणी आठवीत नाही. स्वतःच्या कुवतीवरील विश्वास मुख्यत्वे स्वतः तडीस नेलेल्या कामातून येतो. उपदेशाचा परिणाम त्या मानाने दुबळा व अल्पजीवी, असे त्याचे म्हणणे. गुण घसरले की हा विश्वास खचतो, विश्वास खचला की अभ्यास सुटतो आणि मग गुण आणखी घसरतात. या मुलांना आपण ‘उदासीन’ म्हणून मोकळे होतो!

यावर उपाय सत्राखेरच्या निकालापर्यंत थांबून कसा व्हावा? पहिल्याच महिन्यात दोन पाने लिहून घ्यावीत, चूक कोठे व का हे समासात नोंदवून आठवड्याच्या आत परत द्यावीत आणि पुन्हा लिहिण्याची मुभा ठेवावी. दुसऱ्या खेपेला सुधारलेले पान विद्यार्थ्याला जे सांगते, ते कोणताही वक्ता सांगू शकत नाही. अर्थात, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाने हे तपासावे असे वाटत असेल, तर वर्गाबाहेरच्या त्या तासांचेही मानधन शासनाने दिले पाहिजे.