कर्णा का किंचाळला?

बालमित्रांनो, गड्ड्याची यात्रा संपली की आमच्या सोलापुरात शाळाशाळांतून २६ जानेवारीची धांदल सुरू होते. एका वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा भाषणाला उभा राहिला. "अध्यक्ष महाशय..." एवढंच म्हणाला, अन् कर्णा "कुंईऽऽऽ" करून असा किंचाळला की सगळे कानांत बोटं घालून हसायला लागले! पोरगं रडवेलं झालं. "बाई, मी आता कधीच बोलणार नाही," म्हणालं.

चूक त्याची नव्हतीच. माईक कर्ण्याच्या तोंडासमोर ठेवला होता आम्ही मोठ्यांनी! माईकमधला आवाज अँप्लिफायरनं वाढवला, कर्ण्यातून सोडला. तो पुन्हा माईकमध्ये शिरला, आणखी वाढला, पुन्हा शिरला. झाली किंचाळी!

मग आवाज परत फिरणं वाईटच का? छे! तिथंच तर गंमत आहे.

ऑपरेशनल अँप्लिफायर, म्हणजे ऑप-अँप, ही एक इवलीशी चिप असते. १९६८ साली आलेली '७४१' फार प्रसिद्ध. कोळ्यासारखे तिला आठ पाय. त्यांतल्या एका पायाला म्हणायचं 'अधिक', दुसऱ्याला 'उणे'. या दोन पायांवरच्या व्होल्टेजमधला फरक ती सुमारे दोन लाख पट करते! म्हणजे एक मिलिव्होल्टच्या फरकाचे २०० व्होल्ट व्हायला हवेत. पण वीजपुरवठा १५ व्होल्टांचाच असेल, तर उत्तर टोकाला जाऊन आपटतं. असली उतावीळ चिप काय कामाची?

उपाय सोपा. बाहेर आलेल्या व्होल्टेजचा दहावा भाग 'उणे' पायाकडे परत पाठवायचा. ९००० आणि १००० ओहमचे दोन रेझिस्टर त्याला पुरतात. आता उत्तर जास्त झालं की 'उणे' पाय त्याला मागे ओढतो, कमी पडलं की पुढे जाऊ देतो. दोन्ही पाय जवळजवळ सारखे झाले की चिप स्थिरावते. ०.१ व्होल्ट दिला की बरोबर १ व्होल्ट मिळतो. चिपची ताकद दोन लाखांऐवजी एक लाख असली, तरी दहापट ती दहापटच!

ही उलट्या फेऱ्याची कल्पना हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी, कामावर जाताना फेरीबोटीत सुचली. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यानं आकृती काढली. पेटंट मिळायला मात्र १९३७ साल उजाडलं!

आता एक प्रयोग करा. तळहातावर लांब काठी उभी धरा आणि तिच्या टोकाकडे पाहा. थोड्या सरावानं ती तोलता येते. आता डोळे मिटा. पडली ना? काठी कुठं कलली, ही बातमी परत येत होती, म्हणून हात चूक सुधारत होता!

पालकहो, मुलाची चूक त्याला हळूच सांगितली तर तो सावरतो. हशा वाढवत नेला, तर कर्ण्यासारखी किंचाळीच व्हायची.

१ मेला आम्ही माईक कर्ण्यांच्या मागे ठेवला आणि त्याच मुलाला उभं केलं. एकदा अडखळला, पण भाषण पूर्ण केलं. कर्णा गप्प, अन् टाळ्या मात्र मोठ्या बरं का!

तुमच्या,
बाई