ॲग्रीची डिग्री आणि वाया जाणारं सातवं सेमिस्टर

‘नीट’मध्ये मार्क कमी पडले की ‘चल, ॲग्री टाक’ हे आपल्या घरांत आता सर्रास ऐकू येतं. मग राहुरी, अकोला, परभणी नाहीतर दापोली विद्यापीठाच्या कॉलेजात चार वर्षं, आणि सोबत एमपीएससीचा क्लास. जागा मोजक्या, उमेदवार भरमसाट.

या धावपळीत सातवं सेमिस्टर वाया जातं. ‘कृषिदूत’, ‘कृषिकन्या’ म्हणून गावात जाऊन माती परीक्षण, बीजप्रक्रिया शेतकऱ्यासोबत करायची असते. कित्येक जण नुसती फाईल पुरी करतात. मुलीला गावी पाठवायला अब्बा-अम्मी बिचकतात. काळजी रास्तच, पण मुली गटाने जातात. अडवू नये.

बागवानांचा फळबाजार, कोकणातल्या आंब्याच्या बागा, म्हणजे धंदा घरात आहेच. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला लागणारी शिक्षणाची अट ही डिग्री पूर्ण करते. केंद्राच्या ॲग्री-क्लिनिक योजनेत ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण आहे. प्रकल्पखर्चावर ३६ टक्के, महिलांना ४४ टक्के अनुदान. मात्र हे अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे आणि व्याजाच्या मुद्द्यावर अनेक घरांत गाडी अडते. आलिमांशी, घरच्यांशी ही चर्चा तिसऱ्या वर्षीच करा. डिग्री हातात आल्यावर उशीर झालेला असतो.