महाड नगरपालिकेचे दोन ठराव

महाडचा इतिहास सांगताना दोन तारखा हमखास सांगितल्या जातात : २० मार्च १९२७ आणि २५ डिसेंबर १९२७. पहिल्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, दुसऱ्या दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. या तारखांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या आधी एक आणि त्यांच्या मधोमध एक अशा आणखी दोन तारखा आहेत : ५ जानेवारी १९२४ आणि ४ ऑगस्ट १९२७. या दिवशी महाडच्या नगरपालिकेने ठराव केले. पहिल्या ठरावाने तळे अस्पृश्यांना खुले झाले, दुसऱ्याने तो पहिला ठराव रद्द झाला.

हा थ्रेड त्या दोन ठरावांविषयी आहे. महाडचा लढा हा धर्माशी आणि रूढीशी होता, हे खरेच. पण तो एका लहान शहराच्या कारभाराशीही होता, आणि ही बाजू आपल्या कथनातून जवळजवळ गळून गेली आहे.

प्रथम जागा. महाड हे सावित्रीकाठचे, रायगडाच्या पायथ्याचे व्यापारी गाव. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. परिसरातील खेड्यांतून लोक बाजाराला, कचेरीला, कोर्टाच्या कामाला इथे येत. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोकही असत. दिवसभराच्या कामासाठी आलेल्या माणसाला तहान लागली, तर गावाच्या मध्यभागी मोठे तळे असूनही त्याला त्यातले ओंजळभर पाणी घेता येत नसे. मुसलमान आणि ख्रिस्ती यांना तिथे मज्जाव नव्हता. जनावरांनाही नव्हता.

आता कायदा. मुंबई इलाख्यातील लहान शहरांचा कारभार १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने चाले. सार्वजनिक रस्ते, गटारे, विहिरी, तळी यांची मालकी आणि देखभाल नगरपालिकेकडे असे. पाणवठा कोणाचा, या प्रश्नाला जातीच्या भाषेत एक उत्तर होते आणि कायद्याच्या भाषेत दुसरे. १९१९ च्या सुधारणांनंतर स्थानिक स्वराज्य हे खाते प्रांतातील लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले आणि हा प्रश्न प्रथमच विधिमंडळात मांडण्याजोगा झाला.

तो मांडला सीताराम केशव बोले यांनी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले वा चालवलेले, तसेच सरकारनियुक्त वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, अशी ती शिफारस होती. सप्टेंबरमध्ये सरकारने त्यानुसार आदेश काढला. खात्यांना तो लागू करता येत होता. नगरपालिकांकडे मात्र त्याचा अर्थ एवढाच उरला, की त्यांनी आपापल्या सभेत याचा विचार करावा.

महाडने विचार केला आणि ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले करण्याचा ठराव केला. इलाख्यातील कित्येक नगरपालिकांनी एवढेही केले नाही, म्हणून महाडचे कौतुक होते, आणि ते काही अंशी योग्यच आहे. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविणारे सुरेंद्रनाथ टिपणीस हे पुढे आंबेडकरांचे खंदे सहकारी झाले. अशी माणसे त्या सभागृहात होती, म्हणूनच ठराव होऊ शकला.

पण ठरावानंतर काय झाले? काहीच नाही. तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्यावर पाणी भरता आले नाही. सवर्णांचा विरोध कायम होता आणि तो मोडून काढण्याची तयारी नगरपालिकेने दाखवली नाही. दुसऱ्या ठरावावर टीका करणे सोपे आहे, कारण तो उघड माघार होता. खरा परीक्षेचा विषय पहिला ठरावच आहे. ज्या ठरावाला अंमलबजावणीची जबाबदारी, मोडणाऱ्याला शिक्षा आणि बजावणारा माणूस यांपैकी काहीच नसते, तो करायला कोणालाही जड जात नाही. सरकारचा आदेश आला, सभेने मान डोलावली, इतिवृत्तात नोंद झाली. सवर्ण सभासदांना त्यासाठी काही सोडावे लागले नाही.

बोल्यांना हे लवकर उमगले असावे. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे आधीच्या ठरावाची अंमलबजावणी नाकारतील, त्यांचे अनुदान सरकारने बंद करावे. विनंतीवरून बोले पैशावर आले. स्थानिक कारभाराचा ज्याने जवळून अभ्यास केला आहे, त्याला या बदलाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी अपार कष्ट घेतले होते. आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर एक तपशील देतात : परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. ज्या गावच्या नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी तळे खुले केले होते, त्याच गावातली ही गोष्ट. पहिल्या ठरावाची किंमत काढायची झाली तर ती इथे रुपयांत मिळते.

परिषदेच्या अखेरीस अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली आणि मिरवणूक निघाली. या कृतीला पुष्कळदा कायदेभंग म्हटले जाते. हे वर्णन अचूक नाही. त्या दिवशी तळ्यावर गेलेल्यांनी कोणताही कायदा मोडला नाही. विधिमंडळाची शिफारस, सरकारचा आदेश आणि नगरपालिकेचा ठराव हे तिन्ही त्यांच्या बाजूने होते. कागदावर असलेला हक्क त्यांनी बजावला, इतकेच. हिंसा केली ती त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींना मारझोड करणाऱ्यांनी. निमित्त होते एका अफवेचे, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. पुढे पंचगव्य घालून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही उरकण्यात आले. म्हणून पहिला ठराव निरुपयोगी होता असे म्हणणेही अन्यायाचे होईल. त्याने तळे उघडले नाही, पण तळ्याकडे जाणाऱ्यांना अधिकाराची भूमी दिली.

आणि नेमकी तीच भूमी काढून घेण्यासाठी दुसरा ठराव आला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांचा मूळ ठराव ४ ऑगस्टचाच, बरोबर चार वर्षांपूर्वीचा. योगायोगच, पण बोचरा.

या माघारीकडे ‘सनातनी मंडळी घाबरली’ एवढ्या वाक्यात पाहता येत नाही. तीन वर्षे जो ठराव कोणाला खुपला नाही, तो आताच का खुपावा? कारण आता कोणीतरी तो खरा मानला होता. कागदावरचा हक्क कागदावर आहे तोवर त्याला विरोध करण्याचीही गरज नसते. तो वापरला गेला की सभागृहाला आपले खरे मत सांगावे लागते. ४ ऑगस्टला महाडच्या सभागृहाने ते सांगितले, आणि तेही सभेच्या रीतसर कामकाजातून. त्या काळी नगरपालिकेचा मताधिकार मालमत्ता आणि कर यांच्या अटींनी जखडलेला होता. ज्यांच्या पाण्याचा निर्णय होत होता, त्या खेड्यापाड्यांतल्या माणसांचे या सभागृहात मतच नव्हते. आंबेडकरांना स्थानिक स्वराज्याविषयी पुढे जी शंका वाटत राहिली, मग ते १९३२ मध्ये कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर झालेले भाषण असो की ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण, तिची मुळे शोधताना महाडचे सभागृह विसरता कामा नये. सत्ता जितकी खाली, तितकी ती लोकांच्या जवळ, असे आपण सहज म्हणतो. कोणत्या लोकांच्या जवळ, हा प्रश्न महाडने विचारायला लावला.

पुढची लढाई कोर्टात गेली. १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्ण नागरिकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर प्रातिनिधिक दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. डिसेंबरच्या परिषदेला मंडप घालायला सवर्णांपैकी कोणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. तळ्यावर जाणे त्या वेळी तहकूब झाले. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई उठली, पण मूळ दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ ला महाडचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला, ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याचे अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. रद्द करायला एक सभा पुरली होती, तो रद्द झालेला हक्क सिद्ध करायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला.

उच्च न्यायालयाचा निकाल मुळातून वाचण्याजोगा आहे. न्या. ब्रूमफील्ड यांनी तो लिहिला. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असा वादींचा मुद्दा होता. न्यायालयाने म्हटले, ती सिद्ध झालेली नाही. तळ्याभोवती सवर्णांची वस्ती होती, अस्पृश्य तिथे येत नव्हते, पण न येणे म्हणजे मज्जाव असल्याचा पुरावा नव्हे. वहिवाट सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी वा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, याचा विचार करावा लागला असता. तो प्रसंग आला नाही.

म्हणजे विजय झाला तो पुराव्याच्या अभावी. अस्पृश्यता गैर आहे असे न्यायालय म्हणाले नाही. आणि तरीही या निकालात एक फार खोल गोष्ट दडलेली आहे : तळ्याकडे न जाण्याचे कारण घरांच्या मांडणीत होते. कोणती वस्ती कुठे, पाणवठा कोणाच्या दारात, कोणत्या रस्त्याने कोणी जायचे, हा नकाशा कोणत्याही नगरपालिकेने ठराव करून काढला नव्हता. तो गावकुसाइतकाच जुना होता. मुंबई इलाख्यात १९१५ पासून नगररचनेचा स्वतंत्र कायदा होता, भारतातला पहिला. त्याने रस्त्यांची आखणी आणि भूखंडांची फेररचना यांसाठी योजना करण्याची सोय केली. परंतु हा जुना, अलिखित नकाशा तो ज्या गृहितांवर उभा होता, त्यांना हात न लावताही नवा नकाशा काढता येत होता.

म्हणून ‘झोन’ आणि ‘आरक्षण’ हे शब्द केवळ अभियंत्यांचे आहेत असे मानणे भाबडेपणाचे आहे. आज महाराष्ट्रातील प्रत्येक नगरपरिषदेची विकास योजना १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होते. प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती-सूचनांना मुदत मिळते, बाग, शाळा, दफनभूमी, पाण्याची टाकी यांसाठी जागा राखून ठेवल्या जातात. आणि योजनेनंतर दहा वर्षांत ती जागा संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देऊन आरक्षण संपुष्टात आणण्याचा मार्ग मोकळा होतो. १९२४ च्या ठरावाचे वारसदार शोधायचे असतील तर ते या अंमलाविना संपणाऱ्या आरक्षणांत सापडतील. आता त्यांना रद्द करायला सभाही बोलवावी लागत नाही. वेळ निघून गेली की पुरे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी बखरी आणि पत्रव्यवहार जसे चाळावेत, तशी नगरपालिकांची इतिवृत्तेही चाळायला हवीत. ती कंटाळवाणी असतात, हे मान्य.

राहता राहिले बोल्यांचे शब्द. सरकारी पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा. आता संविधानाच्या अनुच्छेद १५ चे दुसरे कलम उघडून पाहावे. पूर्णतः वा अंशतः राज्याच्या निधीतून चालवलेल्या वा सर्वसामान्य जनतेच्या उपयोगासाठी खुल्या केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध येणार नाही, असे ते सांगते. १९२३ ची शिफारस इथे हक्क झाली आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष महाडच्या दाव्यातील प्रतिवादी होते. विहिरी आणि तलाव असे साधे, गावठी शब्द मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आले, आणि ते रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही नगरपालिकेकडे उरला नाही.