खुनी कोण?

रहस्यपट लागला कीं घरांतील मुलें ‘खुनी कोण?’ एवढेंच विचारतात. ‘मानवत मर्डर्स’ ही २०२४ सालची मालिका पाहतांना आम्हांस मात्र ‘हें कशासाठीं?’ हाच प्रश्न छळीत होता. परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें १९७२ ते १९७४ या काळांत मुली व स्त्रिया एकामागून एक मारल्या गेल्या. मुंबईचे रमाकांत कुलकर्णी तपासास आले, आणि धागा निघाला तो गुप्तधनाच्या व संततीच्या लोभाचा! नरबळीविरुद्ध निराळा कायदा होण्यास पुढें २०१३ साल उजाडावें लागलें. आम्ही तरी कोण मोठे शहाणे? बुलढाण्याकडे लहानपणीं गुप्तधनाच्या गोष्टी ऐकतांना आम्ही भीत नसूं. कोठें खणावें, एवढेंच आजीस विचारीत असूं.