पैसे भरले, तरी फाटक उघडेना

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलीची आई मला भेटायला आली. चाचणी परीक्षेचा पहिला पेपर मुलीचा बुडाला होता. आदल्या रात्री शेजारच्या मुलाने मोबाइलवरून तिच्या मेट्रोच्या कार्डात 200 रुपये भरले होते, बँकेचा मेसेजही आला होता. सकाळी फाटकावर कार्ड टेकवले, लाल दिवा लागला. खिशात पैसे नाहीत, जवळ फोन नाही. मुलगी रडत घरी परतली. आईचा प्रश्न साधा होता: "सर, पैसा तो कट गया, फिर गेट क्यूँ नहीं खुला? बीच में किसने खाया?"

पैसे कुणी खाल्ले नव्हते. मार्च 2019 मध्ये देशभरासाठी आणलेल्या 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड'च्या चिपमध्ये स्वतंत्र शिल्लक असते. फाटक फक्त तीच वाचते. गर्दीच्या वेळी प्रत्येक माणसामागे बँकेला विचारत बसायला त्याला सवड नसते. घरबसल्या भरलेली रक्कम बँकेच्या खात्यात नोंदली जाते, पण ती चिपवर उतरवायला स्टेशनवरच्या यंत्रावर कार्ड पुन्हा ठेवावे लागते. खात्यात पैसे जमा झाले पण पासबुकावर छापले नाहीत, असा हा प्रकार. फरक इतकाच, की इथला पहारेकरी पासबुकाशिवाय दुसरे काही बघायला तयार नाही.

तांत्रिक कारण मला पटते. पटत नाही ती याला दिलेली 'घरबसल्या सोय' ही जाहिरात. स्टेशनवर जाऊन यंत्रासमोर उभे राहायचेच असेल, तर घरबसल्या काय झाले? ही दुसरी पायरी ठळक अक्षरांत, मराठी-हिंदीत, आणि जिथे वाचली जाते तिथे उर्दूत, फाटकाशेजारी लावायला किती खर्च येतो?

यावर शहाणी माणसे म्हणतात, "अहो, आता भाजीवालासुद्धा यूपीआय घेतो!" घेतो ना. पण घेणे वेगळे आणि देणे वेगळे. जरीकाम करणाऱ्या बाईला मजुरी रोख मिळते. घरात स्मार्टफोन एकच, तो सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जातो. तिच्यासाठी कार्ड भरण्याचा एकच खरा मार्ग आहे, खिडकीवर नोट देणे. आणि नेमकी तीच खिडकी कधी 'सुटे नाहीत', कधी 'सर्व्हर डाऊन', कधी 'त्या यंत्रावर करा' म्हणते. यंत्राला मळकी नोट चालत नाही. दिल्ली मेट्रोत कार्डवाल्याला प्रत्येक फेरीत 10 टक्के सवलत मिळते. सवलत कार्डाला असेल आणि कार्ड भरणे फोनवाल्यालाच सोपे असेल, तर पूर्ण भाडे कोण भरतो याचा हिशेब सातवीतले पोरही करील.

हे अटळ आहे असेही नाही. लंडनमध्ये 2014 पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. पण तिथले ऑयस्टर कार्ड भरायला वस्त्यावस्त्यांतली हजारो छोटी दुकाने आहेत. दुकानदाराला रोख द्या, कार्ड तिथल्या तिथे भरते. लांब कशाला जायचे? आपल्याकडे मोबाइलचा रिचार्ज घराघरात पोचवला तो गल्लीतल्या पानवाल्याने. बेस्टने स्मार्ट कार्ड आणले तेव्हा कंडक्टरकडे रोख देऊन ते भरण्याची सोय ठेवली होती. कंडक्टर हा चालताबोलता माणूस. किती उरले ते सांगतो, म्हातारीला दोनदा सांगतो. मेट्रोचे कार्ड किराणा दुकानात का भरू नये?

आणखी एक बाब, जिच्याविषयी कुणी बोलत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रवासाची कार्डे ओळखपत्राच्या पडताळणीशिवाय द्यायला परवानगी दिली. चांगले झाले, कागदपत्रांच्या फेऱ्या वाचल्या. पण त्याच नियमात अशा कार्डातली रक्कम काढता येत नाही, परत मागता येत नाही, दुसरीकडे वळवताही येत नाही. श्रीमंताचे पन्नास रुपये अडकले तर त्याला पत्ताही लागत नाही. इथे पन्नास रुपये म्हणजे संध्याकाळचे दूध. म्हणून ही माणसे कार्डात एका वेळी जेमतेम दोन फेऱ्यांपुरतेच भरतात, पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहतात, आणि वर ऐकून घेतात की यांना शिस्त नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही. माझे स्वतःचे कार्ड मी फोनवरूनच भरतो आणि स्टेशनवर टेकवतो. मला जमते, कारण मला कुणीतरी शिकवले. मागणी एवढीच आहे: पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत रोखीची खिडकी उघडी हवी, वस्तीत कार्ड भरायला दुकान हवे, आणि उरलेली रक्कम मागितली तर परत मिळायला हवी.

ते 200 रुपये चौथ्या दिवशी मी स्वतः त्या मुलीबरोबर स्टेशनवर जाऊन कार्डावर उतरवून दिले. अर्धे मिनिट लागले. आई मात्र आता कार्डावर विश्वास ठेवत नाही. ती रोज मुलीच्या हातात मोजून सुटे पैसे देते, आणि तिकिटाच्या रांगेसाठी मुलगी वीस मिनिटे लवकर निघते.